औषधांचे गायरान

१९९१ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत मुंबईतील शंभर खाजगी डॉक्टरांना क्षयरोगावरील औषधयोजना विचारण्यात आली, तेव्हा त्यांनी ऐंशी निरनिराळ्या योजना सांगितल्या. जवळजवळ वीस वर्षांनी, २०१० साली, धारावीतील डॉक्टरांची अशीच एक पाहणी प्रसिद्ध झाली. त्या वेळी १०६ डॉक्टरांनी ६३ प्रकारच्या योजना लिहिल्या आणि त्यांपैकी अवघ्या सहा जणांची योजना बरोबर निघाली. औषधे तीच, मात्रा ठरलेली, मुदतही ठरलेली. असे असता एकाच शहरात एकाच रोगावर इतका गोंधळ असावा, ही केवळ वैद्यकीय व्यवसायाची अंतर्गत बाब राहत नाही. तिची किंमत साऱ्या समाजाला मोजावी लागते.

ती किती जबर असते, हे डिसेंबर २०११ मध्ये दिसून आले. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉक्टरांनी चार क्षयरोग्यांची माहिती प्रसिद्ध केली. त्यांच्या शरीरातील जंतू तपासलेल्या एकाही औषधाला दाद देत नव्हते. या चौघांपैकी तिघांना निरनिराळ्या खाजगी डॉक्टरांनी देखरेखीविना, एकामागून एक औषधे देऊन पाहिली होती. क्षयावर अनेक औषधे एकाच वेळी द्यावयाची असतात, ती अशासाठी की, एका औषधातून निसटलेला जंतू दुसऱ्याच्या तडाख्यात सापडावा. औषधे एकेक करून दिली, वा उपचार मध्येच सुटला, म्हणजे नेमके चिवट जंतू तेवढे मागे उरतात आणि खोकल्यावाटे शेजाऱ्याच्या घरी पोहोचतात. त्या शेजाऱ्याने उपचारात कोणतीही कसूर केलेली नसते. तरी त्याचा आजार पहिल्या दिवसापासूनच औषधांना न जुमानणारा असतो.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहता औषधाची गोळी ही खाजगी वस्तू आहे, परंतु तिची परिणामकारकता ही सार्वजनिक मालमत्ता आहे. गावच्या गायरानासारखीच तिची स्थिती असते. आपले एक गुरू अधिक चारल्याचा लाभ ज्याचा त्याला होतो आणि कुरण उजाड झाल्याचा तोटा साऱ्या गावात वाटला जातो. साध्या पडशावर प्रतिजैविक लिहून देणाऱ्या डॉक्टरला रोगी टिकल्याचा लाभ होतो, चिठ्ठीवाचून ते विकणाऱ्या दुकानदाराला विक्रीचा. झालेली झीज मात्र कोणाच्याच हिशेबवहीत पडत नाही. जगभरात २०१९ साली सुमारे १२ लाख ७० हजार मृत्यू थेट औषधरोधी जंतूंमुळे झाले, असा अंदाज आहे. न नोंदलेल्या खर्चाची ही एक बेरीज होय.

पेनिसिलिनचे जनक अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी हा धोका १९४५ सालच्या आपल्या नोबेल व्याख्यानातच सांगितला होता. घसा दुखतो म्हणून स्वतःच पेनिसिलिन आणून ते अपुरे घेणारा एक गृहस्थ त्यांनी कल्पिला होता. त्याच्यापासून संसर्ग होऊन त्याची पत्नी दगावते आणि दोष त्याच्या निष्काळजीपणाकडे जातो. रोग्याच्या निष्काळजीपणावर असेच बोट ठेवण्याची प्रथा आपल्याकडेही रूढ आहे. परंतु रोजंदारीवर जगणाऱ्या माणसाचा हिशेब निराळा असतो. दोन महिन्यांत ताप उतरतो, अन्न गोड लागू लागते. पुढे चार महिने गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळत असल्या, तरी प्रत्येक हेलपाट्याला एक खाडा आणि येण्याजाण्याचे भाडे पडते. अशा माणसाने उपचार सोडला, तर तो त्याच्या परिस्थितीतील व्यवहारच असतो. फुकट औषध फुकट पडत नाही, हे ध्यानात घेतल्याखेरीज या प्रश्नाचा उलगडा होणार नाही.

या दिशेने सरकारने काही पावले टाकली आहेत. क्षयरोग्यांना पोषणासाठी एप्रिल २०१८ पासून दरमहा ५०० रुपये देण्यास प्रारंभ झाला आणि नोव्हेंबर २०२४ पासून ती रक्कम १,००० रुपये झाली. परंतु बुडालेल्या मजुरीची भरपाई या रकमेतून होऊ शकत नाही. विक्रीच्या बाजूने पाहता, मार्च २०१४ पासून परिशिष्ट एच-१ मधील औषधांच्या विक्रीची नोंद डॉक्टर व रोगी यांच्या नावांसह ठेवणे दुकानदारांवर बंधनकारक आहे. हा नियम योग्यच. मात्र ज्या गावात डॉक्टरच नाही, तेथे केवळ दुकानदाराला दंड करून रोगी बरा होत नाही. बंदी आणि सोय ही दोन्ही बरोबरीने गेली पाहिजेत.

नवी औषधे येतील आणि प्रश्न सुटेल, अशी आशा कोणी बाळगील. परंतु नवे प्रतिजैविक राखून ठेवावे लागते आणि राखून ठेवलेला माल खपत नाही. अमेरिकेतील अकेओजेन कंपनीच्या नव्या प्रतिजैविकास जून २०१८ मध्ये मान्यता मिळाली आणि एप्रिल २०१९ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. निव्वळ बाजारावर विसंबून ही उणीव भरून निघणार नाही.

१९५४ साली पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. त्या वेळचा प्रश्न औषध सर्वांना मिळावे हा होता आणि तो सार्वजनिक जबाबदारी मानला गेला. आता औषध मिळते. ते टिकवणे ही तितकीच सार्वजनिक जबाबदारी आहे. औषधांना दाद न देणाऱ्या क्षयासाठी बेडाक्विलिनसह चार औषधांची सहा महिन्यांची योजना २०२४ साली भारतात मान्य झाली. पूर्वी याच आजाराचे उपचार दीड-दोन वर्षे चालत. हे नवे कुरणही जुन्याप्रमाणे उजाड व्हावयाचे नसेल, तर उपचारापूर्वी जंतूची तपासणी, खाजगी डॉक्टरांच्या चिठ्ठीवर देखरेख आणि रोग्याच्या बुडालेल्या मजुरीची भरपाई या तीन गोष्टींसाठी सरकारने पैसा काढला पाहिजे. हा खर्च आज जड वाटेल. तो टाळल्यास मात्र उद्या त्याची वसुली अशा माणसाकडून होईल, ज्याने आयुष्यात एकही गोळी चुकवलेली नसेल.