मावळतीची कमान, परतीचा अंधार

अमेरिकेच्या युटा राज्यातील आर्चेस राष्ट्रीय उद्यानात दोन हजारांहून अधिक नैसर्गिक पाषाणकमानी आहेत. त्यांत सर्वाधिक ख्यातनाम आहे ती सुमारे १६ मीटर उंचीची 'डेलिकेट आर्च'. सूर्यास्तसमयी तिचा तांबूस वालुकाश्म केशरी तेजाने उजळतो आणि ते दृश्य पाहण्यासाठी पर्यटकांची रीघ लागते.

ही कमान घडली कशी? पावसाचे पाणी खडकाच्या भेगांत मुरते, थंडीत गोठून प्रसरण पावते आणि खडकाचे तुकडे सुटतात. पातळ भिंत मधोमध पोखरली गेली की कमान उरते. हीच झीज पुढे तिचा अंतही करते. याच उद्यानातील 'वॉल आर्च' ऑगस्ट २००८मध्ये कोसळली.

जाऊन-येऊन ४.८ किलोमीटरच्या या वाटेवर सुमारे १४६ मीटरचा चढ आहे. सावली जवळजवळ नाहीच. त्यामुळे प्रत्येकाजवळ किमान दोन लिटर पाणी हवे. अखेरचा टप्पा कड्यालगतच्या कातळपट्टीवरून जातो. उघड्या कातळावर पाऊलवाट उमटत नसल्याने काळोखात दिशा चुकण्याचा धोका असतो. म्हणूनच सूर्यास्त पाहू इच्छिणाऱ्याने कॅमेऱ्याआधी विजेरी आठवणीने घ्यावी.