चांदीला माणदेशात परत पाठवताना

धाकट्याला दापोलीला नोकरी लागली आणि सांगोल्याजवळचं घर बंद करून आम्ही दोघं त्याच्याकडे राहायला आलो. सोबत चांदी ही खिलार गाय, तिची कालवड आणि दोन उस्मानाबादी शेळ्या. पहिला पावसाळा गेल्यावर शेळ्या इथंच ठेवल्या, चांदीला मात्र कालवडीसह माणदेशात दुसऱ्या घरी दिलं. "दावणीची गाय दिलीत तरी कशी?" असं शेजारणी विचारतात. मुलांमागे गाव सोडणारी कितीतरी घरं आज याच विचारात आहेत, म्हणून सगळं सांगते.

खिलार ही कोरड्या रानाची जात. सोलापूर, सांगली, साताऱ्याच्या दुष्काळी पट्ट्यात ती घडली. दूध बेताचं, पण चाल आणि ताकद अशी की शेतकरी बैलासाठी तिला जिवापाड जपतो. सांगोल्याला वर्षाचा पाऊस 500 मिलिमीटरच्या आसपास. दापोलीला तो 3,000 च्या वर जातो. इथं चार महिने जमीन वाळत नाही. सतत ओलीत राहून खूर मऊ पडतात, बेचक्यात चिखळ्या होतात. भातखाचरात आणि पाणथळीत गोगलगायी असतात. त्यांच्यामार्फत चपटे कृमी गवतावर येतात आणि चरणाऱ्या जनावराच्या यकृतात घर करतात.

चाऱ्याची गोष्ट तर मला सगळ्यात जास्त लागली. चांदी शाळूच्या कडब्यावर वाढलेली. कडब्याचं चिपाड ती गोडीनं चावायची. इथं भाताचा पेंढा. त्यात सिलिका जास्त, पचायला जड, आणि त्यातल्या ऑक्झलेटमुळे चाऱ्यातलं कॅल्शियम अंगी लागत नाही. नुसत्या पेंढ्यावर गाय ठेवायची तर क्षारमिश्रण, हिरवा चारा, पेंड हे सगळं जोडावं लागतं. आम्ही ते दिलं. तरीही तिच्या बरगड्या दिसू लागल्या. गावाकडून भेटायला आलेले दीर गोठ्यात उभे राहून म्हणाले, "वैनी, हिचं रान ह्ये नव्हं. वाळत चाललीया."

इथल्या माणसांची गुरं मात्र त्याच पावसात डोंगर चढतात. ती कोकण कपिला. बुटकी, काटक, लहान खुरांची. 2018 मध्ये तिची स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय नोंदणी झाली. जात आणि भूमी यांचं नातं पिढ्यान् पिढ्यांचं असतं. माया कितीही केली तरी एका पावसाळ्यात ते नव्यानं जुळत नाही. शेळ्यांचं निभावलं, कारण त्यांना जमिनीपासून उंच, बांबूच्या पट्ट्यांची माची करून देता आली. अंग कोरडं राहिलं आणि फणसाचा पाला मिळाला की त्या खूश. गाईला असं उचलून कुठं ठेवणार?

मग घर शोधायला लागलो. बाजारात उभी करायची नाही, हे आमच्या ह्यांनी आधीच सांगून टाकलं. 2015 पासून राज्यात गोवंशाच्या कत्तलीवर बंदी आहे, पण कायदा आहे म्हणून घेणाऱ्याची चौकशी टाळता येत नाही. गोशाळेचा विचार आला. पण धडधाकट, वेताची गाय दावणीलाच शोभते, असं माझं ठाम मत आहे. आटपाडीकडचं एक जोडपं मिळालं. घरची खिलार बैलजोडी, विहिरीला पाणी, गंजीला कडबा. आम्ही आधी जाऊन त्यांचा गोठा पाहिला. बैलांच्या अंगावरून हात फिरवला, मानेवर वशिंडाजवळ जखमा नव्हत्या. तिथंच माझं मन निम्मं हलकं झालं.

किंमत वाजवी घेतली. फुकट दिलेल्या जनावराची कदर राहत नाही आणि भलताच माणूस पुढं येतो. पुढं कधी विकायची वेळ आली तर आधी आम्हाला विचारायचं, एवढं मात्र कागदावर लिहून घेतलं. कानातल्या बिल्ल्याचा बारा अंकी नंबर त्यांच्या नावावर करून दिला. लाळ्या-खुरकूत आणि लम्पीच्या लसीच्या तारखा, जंताचं औषध, शेवटचं वेत, खोडी, आवडी हे सगळं एका वहीत लिहून सोबत दिलं. चांदीला डावीकडून धार काढलेली चालत नाही, हेसुद्धा.

प्रवास पाऊस संपल्यावर, रात्रीच्या गारव्यात. सरकारी पशुवैद्यकानं प्रवासाला योग्य असल्याचा दाखला दिला. गाडीत पाय घसरू नयेत म्हणून काथ्याची चटई, तिच्यावर पेंढा. तोंड पुढच्या दिशेला, शेजारी कालवड, सोबतीला ओळखीचा माणूस. कुंभार्ली घाट सावकाश चढवला, वर कराडच्या बाजूला थांबून पाणी पाजलं. तिकडे तीन आठवडे दोघींना इतर गुरांपासून वेगळं बांधलं, म्हणजे इकडचा एखादा रोग तिकडे जाऊ नये. गाय गाभण असेल तर शेवटच्या महिन्यात तिला हलवू नये. चांदी तेव्हा गाभण नव्हती.

ती गेल्यावर मी रडले. दावं अजून खुंटीला आहे, काढवत नाही. पण निर्णयाबद्दल मनात किंतु नाही.

तुम्हीही घर हलवणार असाल तर जनावराचा विचार ट्रक ठरवण्याआधी करा. नव्या जागेचा पाऊस, चारा आणि तिथली स्थानिक जात पाहा, जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा. जमणार नसेल तर त्याच मुलखातलं चांगलं घर सवडीनं शोधा, आणि गोठा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय दावं दुसऱ्याच्या हातात देऊ नका.