शेवटच्या ओळीवरील शून्य

संगणकाच्या जाळ्यावरील एखादे पान उघडले, की त्यावरचा मजकूर पुष्कळदा त्याच क्षणी जुळवून आपल्याकडे पाठविलेला असतो. ही जुळवणी दूरच्या एका संगणकावर, म्हणजे सर्व्हरवर, होते. त्याला आज्ञा देण्याच्या ज्या भाषा आहेत, त्यांपैकी पीएचपी ही एक होय. रॅस्मस लर्डॉर्फ यांनी 1994 साली ती रचावयास घेतली. आपले पान किती लोक पाहून जातात, हे जाणण्याच्या साध्या इच्छेतून तिचा आरंभ झाला.

पानाला लागणारी माहिती कित्येकदा फाइलीत असते. समजा, एका फाइलीत चाळीस विद्यार्थ्यांचे गुण आहेत, एका ओळीवर एक आकडा. ते वाचावयाचे कसे? सारी फाइल एकदम स्मृतीत आणणारी एक आज्ञा आहे. लहान फाइलीला ती ठीक. परंतु पीएचपीच्या एका कामाला मिळणारी स्मृती, वेगळे सांगितले नसेल तर, 128 मेगाबाइट एवढीच असते. फाइल तीहून मोठी असेल तर काम मध्येच थांबते. घागरभर पाणी तांब्यात कसे मावणार?

म्हणून दुसरी, सावकाशीची रीत अधिक भरवशाची. 'एफ-ओपन' ही आज्ञा फाइल उघडते व आरंभी एक अदृश्य खूण ठेवते. 'एफ-गेट्स' एक ओळ वाचते आणि खूण पुढील ओळीवर सरकवते. पोथी वाचणारा ओळीवर बोट ठेवून पुढे जातो, अगदी तसेच! काम झाले की 'एफ-क्लोज' फाइल बंद करते.

पण ओळी संपल्या हे कळावे कसे? ओळ उरली नाही, की 'एफ-गेट्स' उत्तर देते : 'असत्य'. तेव्हा 'असत्य येईपर्यंत वाचीत राहा' असे सांगितले की झाले, असे वाटते. येथेच मोठी फसगत आहे. खरे-खोटे पाहताना पीएचपी एकट्या '0' या अक्षरालाही असत्यच समजते. मधल्या ओळीवरील शून्यासोबत ओळ संपल्याचे चिन्ह असते, म्हणून ते निभावते. शेवटच्या ओळीवर मात्र शून्य असेल आणि त्यापुढे ते चिन्ह नसेल, तर फाइल संपली असे समजून वाचन थांबते.

मग चाळिसावा विद्यार्थी गणतीतूनच गळतो! इतरांच्या गुणांची बेरीज 1950 असेल, तर वर्गाची सरासरी 48.75 ऐवजी 50 दिसते. बिचाऱ्या शिक्षकांना वर्ग हुशार झाल्याचा आनंद व्हावा, आणि त्या मुलाला साह्य हवे आहे हे कोणाच्या ध्यानीही येऊ नये!

उपाय एका चिन्हाचा आहे. उद्गारचिन्ह आणि त्यापुढे बरोबरीची दोन चिन्हे लिहिली, की पीएचपी केवळ मूल्य न पाहता वस्तूची जातही पाहते. '0' हे अक्षर आहे. 'असत्य' हे अक्षर नव्हे. दोहोंतील भेद तिला कळतो, आणि चाळिसावी ओळ वाचली जाते.