आधी रोजकीर्द, मग खतावणी : पोस्टग्रेसची वॉल-फाइल वाचताना

जुन्या पेढीवर व्यवहार आधी रोजकीर्दीत उतरायचा आणि मग खतावणीत जायचा. पोस्टग्रेसक्यूएल या डेटाबेसचंही तसंच आहे. टेबलातली ओळ बदलली की तो बदल टेबलाच्या फाइलीत जाण्याआधी 'वॉल' नावाच्या नोंदवहीत लिहिला जातो. मध्येच वीज गेली तरी पुन्हा सुरू होताना ही वही वाचून राहिलेलं काम पुरं करता येतं.

ह्या फाइली 'पीजी_वॉल' फोल्डरमध्ये असतात, सहसा प्रत्येकी १६ मेगाबाइटच्या. २०१७ साली आलेल्या दहाव्या आवृत्तीच्या आधी फोल्डरचं नाव 'पीजी_एक्सलॉग' होतं. 'लॉग' म्हणजे टाकाऊ असं समजून, डिस्कवर जागा करायला लोक ते पुसून टाकीत. मग डेटाबेस सुरूच होत नसे. नाव बदललं ते यासाठी. नाव आणि वस्तू यांच्या नात्यावर आम्ही तत्त्वज्ञानवाले जन्मभर भांडतो. इथे नावापायी लोकांचा डेटा गेला!

आता समजा, कोणीतरी डिलीट चालवलं आणि 'व्हेअर' लिहायचं राहिलं. टेबल रिकामं, वर कमिटही झालेलं. बॅकअप काल रात्रीचा आहे आणि तेव्हापासूनच्या वॉल-फाइली जपून ठेवलेल्या आहेत. सकाळपासूनचं खरं काम हवं आणि ही एक चूक नको. मग नेमकं थांबायचं कुठे?

वॉल-फाइल बायनरी असते, नुसती उघडून वाचता येत नाही. त्यासाठी 'पीजी_वॉलडम्प' हा आदेश आहे. तो फक्त वाचतो, बदलत काही नाही. पण त्याची आणि डेटाबेसची मुख्य आवृत्ती एकच लागते. आधी फाइलींची प्रत करून घ्यावी, कारण डेटाबेस जुन्या फाइली पुन्हा वापरायला काढतो.

आदेश चालवला की एका नोंदीची एक ओळ दिसते. 'टीएक्स' म्हणजे व्यवहाराचा क्रमांक. 'एलएसएन' म्हणजे वहीतली जागा, आणि 'प्रीव्ह' म्हणजे मागच्या नोंदीची जागा. साखळी अशी मागे मागे जाते. टेबलाचं नाव मात्र दिसत नाही, तीन आकडे दिसतात. आपलं टेबल कोणतं हे 'पीजी_रिलेशन_फाइलपाथ' या फंक्शनला विचारायचं.

मग एकाच टीएक्सच्या नावावर, त्याच टेबलावर, डिलीटच्या नोंदींची रांग सापडते. तो क्रमांक 'वजा एक्स'पुढे दिला की फक्त त्याच व्यवहाराच्या नोंदी राहतात. शेवटी कमिटची ओळ, तिच्यावर वेळ. हीच आपली जागा. डिलीट कोणी केलं, का केलं, मूळ एसक्यूएल काय होतं, हे काही इथे सापडायचं नाही. वहीत कृती आहे, हेतू नाही.

एक गोष्ट नीट लक्षात घ्या. व्यवहारांना क्रमांक चढत्या क्रमाने मिळतात, पण कमिट त्याच क्रमाने होत नाहीत. ७४५ आधी संपेल, ७४३ नंतर. पुनर्प्राप्ती थांबते ती कमिटच्या क्रमावर, म्हणून क्रमांकावरून अंदाज बांधू नये, ओळी पाहाव्यात.

आता बॅकअप दुसऱ्या यंत्रावर उघडायचा, 'रिकव्हरी_टार्गेट_एक्सआयडी'मध्ये तो क्रमांक लिहायचा आणि 'रिकव्हरी_टार्गेट_इन्क्लुझिव्ह' बंद ठेवायचं, म्हणजे चुकीच्या कमिटच्या ऐन अलीकडे डेटाबेस थांबेल. हे दुसरं बंद करायचं राहिलं तर डिलीटही पुन्हा इमानदारीनं घडतं. थांबल्यावर टेबलातल्या ओळी मोजून पाहायच्या, आणि मगच तो लिहिण्यासाठी खुला करायचा.