कोष्टकात ठेवलेला तंबोरा

वडील गेल्यानंतर त्यांचा मिरजेचा तंबोरा तीन वर्षे आमच्या घरात गवसणीतच उभा होता. घर बदलताना माझ्याच हातून तो दाराच्या चौकटीवर आपटला आणि भोपळ्याला तडा गेला. ती टोचणी ताजी असतानाच माझी भाची लॅपटॉप घेऊन घरी आली. वडील शेवटच्या दिवाळीत तंबोरा जुळवत बसले होते, त्याचे ध्वनिमुद्रण तिच्या मोबाइलवर होते. "मामा, हे ऐक ना," म्हणत तिने हेडफोन माझ्या कानांवर चढवले. तंबोऱ्यासारखा एक स्वर ऐकू आला. तिने छोट्या की-बोर्डवर बोट सरकवले तसा तोच स्वर दुसऱ्या पट्टीत, मग तिसऱ्या पट्टीत वाजू लागला. "आजोबांच्या तंबोऱ्याचं वेव्हटेबल केलंय मी."

मी चिडलो. हा त्यांचा तंबोरा नाही, असे तोडून बोललो. तिने शांतपणे विचारले, "मग काय आहे हे?" मला उत्तर देता आले नाही. आयुष्यभर अभियांत्रिकी शिकवलेल्या माणसाला ही गोष्ट लागली. पुढचे काही महिने मी या विषयाच्या मागे होतो. हा लेख म्हणजे भाचीला उशिरा दिलेले उत्तर आहे.

पाढे आणि लॉगचे पुस्तक

'वेव्हटेबल' म्हणजे तरंगांचे कोष्टक. कोष्टक आपल्याला नवे नाही. पाढे पाठ करण्यामागचा हेतू एवढाच असतो की, तेरा सत्ते किती हे प्रत्येक वेळी मोजत बसायला नको. एकदा मोजायचे आणि पुढे आठवायचे. आर्यभटाने इसवी सन ४९९ च्या सुमारास हेच केले होते. 'आर्यभटीया'त त्याने २४ ज्यांमधली अंतरे एका श्लोकात बसवली. ज्या म्हणजे आजच्या भाषेत साइन. आणि साइनचा डौलदार चढउतार म्हणजेच सर्वांत शुद्ध, उपस्वर नसलेल्या नादाचा आकार.

संगणकाला स्वर वाजवायचा असेल, तर दर सेकंदाला हजारो आकडे तयार करून ध्वनिवर्धकाकडे पाठवावे लागतात. सीडीच्या दर्जाच्या ध्वनीत हे आकडे सेकंदाला ४४,१०० असतात. प्रत्येक आकड्यासाठी साइनचे गणित नव्याने करणे जुन्या यंत्रांना परवडणारे नव्हते. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत मॅक्स मॅथ्यूज यांनी १९५७ मध्ये संगणकाकडून संगीत वाजवून घेतले. ती पहिली रचना १७ सेकंदांची होती. पुढच्याच वर्षीच्या त्यांच्या आज्ञावलीत पाढ्याची युक्ती आली : तरंगाचे एकच आवर्तन आधी मोजून कोष्टकात ठेवायचे आणि मग ते पुन्हा पुन्हा वाचत राहायचे.

स्वर उंच किंवा खालचा कसा होतो? वाचण्याच्या ढांगेवरून. समजा, कोष्टकात २,०४८ घरे आहेत आणि आपल्याला सेकंदाला २२० कंपनांचा स्वर हवा आहे. २,०४८ ला २२० ने गुणून ४४,१०० ने भागले की सुमारे १०.२२ येतात. म्हणजे दर वेळी १०.२२ घरे पुढे उडी मारायची आणि शेवट आला की पुन्हा सुरुवातीपासून मोजायचे. ढांग दुप्पट केली की स्वर बरोबर एक सप्तक वर जातो.

पण १०.२२ क्रमांकाचे घर कोष्टकात नसते. माझ्या पिढीच्या वाचकांना लॉगच्या पुस्तकातले उजवीकडचे 'मध्य फरका'चे रकाने आठवत असतील. दोन नोंदींमधली किंमत आपण त्यांच्या मदतीने काढत असू. इथेही तेच चालते : दहाव्या घराचा ७८ टक्के आणि अकराव्या घराचा २२ टक्के वाटा घेऊन मधली किंमत काढतात. हे केले नाही, तर स्वराला बारीक खरखर येते.

परत फिरणारे उपस्वर

तंबोऱ्याची तार छेडली की मूळ स्वराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे उपस्वरही उमटतात. कोणता उपस्वर किती जोरात आहे, यावर नादाची जात ठरते. कोष्टकातल्या आवर्तनाच्या आकारात हे सगळे प्रमाण दडलेले असते. इथे एक अडचण आहे. सेकंदाला ४४,१०० आकडे असतील, तर त्याच्या निम्म्यापर्यंतची, म्हणजे २२,०५० पर्यंतचीच कंपने त्यांत मांडता येतात. त्यापुढचे उपस्वर नाहीसे होत नाहीत, ते आरशावर आपटल्यासारखे परत फिरतात.

३,००० कंपनांचा, करवतीच्या दात्यासारख्या आकाराचा स्वर घेऊ. त्याचा सातवा उपस्वर २१,००० वर येतो, तिथवर ठीक. आठवा २४,००० वर जायला हवा, पण तो २०,१०० वर उमटतो. चौदावा ४२,००० ऐवजी २,१०० वर, म्हणजे मूळ स्वराच्याही खाली येऊन बसतो. यांतला कोणताही आकडा ३,००० च्या पटीत नाही, म्हणून कानाला ते सरळ बेसूर लागते. चित्रपटात टांग्याचे चाक उलटे फिरताना दिसते, त्याचाच हा श्राव्य भाऊ. उपाय असा की, एकाच तरंगाची अनेक कोष्टके करून ठेवायची. वरच्या सप्तकासाठी कमी उपस्वरांचे, खालच्या सप्तकासाठी भरगच्च उपस्वरांचे. स्वर जिथला असेल तिथले कोष्टक यंत्र उचलते.

एक आवर्तन पुरत नाही

हे समजल्यावर मी भाचीच्या मदतीने स्वतः करून पाहिले. वडिलांचा षड्ज काळी एकचा. जोडीच्या तारेची कंपने सेकंदाला सुमारे १३८.६, म्हणजे एका आवर्तनात जेमतेम ३१८ आकडे. एक आवर्तन कापून ते सतत फिरवत ठेवले. जुन्या रिक्षाच्या भोंग्यासारखा एकसुरी, निर्जीव आवाज आला. माझा राग खरा ठरल्याचे क्षणभर समाधानही वाटले.

"आता हे बघ," भाची म्हणाली. तिने तार छेडल्यापासून नाद विरेपर्यंतच्या काळातून ठिकठिकाणची ६४ आवर्तने उचलली, एकाखाली एक रचली आणि पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत हळूहळू सरकत वाचायला यंत्राला सांगितले. दोन आवर्तनांच्या मधला आकार यंत्र दोघांचे मिश्रण करून भरून काढत होते. भोंगा नाहीसा झाला. नाद उघडू लागला, त्यातून एकेक उपस्वर वर येऊन मागे सरू लागला.

आज 'वेव्हटेबल' हा शब्द वापरतात तो या अर्थाने : एक तरंग नव्हे, तरंगांची रांग आणि त्या रांगेतून चालण्याची सोय. ही कल्पना हॅम्बुर्गच्या वोल्फगांग पाल्म यांची. त्यांच्या 'पीपीजी' कंपनीचे 'वेव्ह २' हे वाद्य १९८१ मध्ये आले. त्याच्या एका कोष्टकात ६४ तरंगांच्या जागा होत्या. आकडे ८ बिटांचे, म्हणजे प्रत्येक किंमत फक्त २५६ पायऱ्यांपैकी एक. त्यातून येणारी काचेसारखी धार हीच त्या वाद्याची ओळख बनली. 'टँजरीन ड्रीम'सारख्या जर्मन वादकांनी ते वापरले. कंपनी १९८७ मध्ये बंद पडली, तरी १९८९ मध्ये 'वाल्डोर्फ' कंपनीच्या 'मायक्रोवेव्ह'मधून तोच विचार पुढे गेला आणि आता तो भाचीच्या लॅपटॉपमध्ये आहे.

जवारीचे कोडे

एका आवर्तनातून तंबोरा का उभा राहत नाही, याचे उत्तर मिरजेच्या कारागिरांच्या हातात कधीपासून आहे. तंबोऱ्याची घोडी धारदार नसते, तिला किंचित गोलाई असते. तार त्या गोलाईवर टेकत, सुटत कंप पावते. तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा दोरा सरकवून नेमकी जागा सापडली की जवारी खुलते. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला याचा अभ्यास केला होता. तार जिथे छेडावी तिथे ज्या उपस्वराचा स्थिर बिंदू येतो, तो उपस्वर उमटू नये, असा सर्वमान्य नियम होता. तंबोरा आणि वीणा हा नियम पाळत नाहीत, हे रामन यांनी दाखवले. त्या गोल घोडीवर शक्ती एका उपस्वरातून दुसऱ्यात जात राहते. तंबोऱ्याचा नाद हा एक आकार नसून आकारांचा प्रवास आहे. म्हणून त्याला कोष्टकांची रांग लागते.

मग काय आहे हे?

भाचीच्या यंत्रात काय उतरले आणि काय नाही, हे आता मला सांगता येते. त्या एका छेडीतला उपस्वरांचा क्रम उतरला. पण कोष्टकातले आवर्तन जसेच्या तसे फिरत असल्यामुळे त्यातला प्रत्येक उपस्वर मूळ स्वराच्या अचूक पटीतच बसतो. खऱ्या तारेला ताठरपणा असतो, तिचे उपस्वर किंचित वर सरकलेले असतात. तो किंचितपणा पुसला गेला. देवळातल्या घंटेचे उपस्वर तर पूर्णांकी पटीत नसतातच, त्यामुळे या पद्धतीच्या एका फिरत्या आवर्तनातून ती घंटा हाती लागणार नाही. चार तारा भोपळ्यातून एकमेकींना जागवतात, तेही यात नाही. आणि प्रत्येक छेड आधीच्या छेडीची नक्कल आहे. वडिलांच्या बोटाची छेड कधीच दोनदा सारखी नव्हती.

म्हणजे हा त्यांचा तंबोरा नाही, हे माझे म्हणणे बरोबर होते. पण ते ज्या रागाने बोललो, तो राग चुकीचा होता. भाचीने तंबोऱ्याचा आव आणलाच नव्हता. जुळवत बसलेल्या आजोबांची एक छेड तिने ६४ ठिकाणी थांबून ऐकली होती. गवसणीतल्या तंबोऱ्याकडे तीन वर्षांत मी तेवढेही लक्ष दिले नव्हते.

गेल्या महिन्यात आम्ही दोघे तंबोरा घेऊन मिरजेला गेलो. कारागिरांनी भोपळ्याचा तडा बोटाने चाचपला आणि सांधता येईल, असे सांगितले. जवारी मात्र नव्याने काढावी लागेल, आवाज अगदी पूर्वीचा येईलच असे नाही, हेही सांगितले. भाचीने तिच्या मोबाइलवरचे वडिलांचे ध्वनिमुद्रण त्यांना ऐकवले. त्यांनी डोळे मिटून ते दोनदा ऐकले. "ही मोकळी जवारी आहे, काळी एकची," ते म्हणाले, "हे माझ्याकडे पाठवून ठेवा, काढताना लागेल."