अधूनमधून अडणारा कॉम्प्युटर: चांगल्या वेळाही लिहून ठेवा

कायम मंद चालणारा कॉम्प्युटर हा सोपा रुग्ण. कधीही तपासा, दुखणं समोरच असतं. खरा छळ अधूनमधून अडणाऱ्याचा. दुरुस्तीवाल्याकडे नेला की तिथे मस्त पळतो, घरी आणला की दोन दिवसांनी पुन्हा रांगायला लागतो. पीएच.डी.ची तयारी करणाऱ्यांना मी हेच उदाहरण देते, कारण अनिश्चित वेळी घडणाऱ्या गोष्टीचं कारण कसं शोधायचं, हा प्रश्न पुढे प्रयोगशाळेत किंवा फील्डवर्कमध्येही भेटणारच आहे.

त्याआधी एक तातडीचं. जुनी फिरती हार्ड डिस्क असेल, मधूनच सगळं काही सेकंद गोठत असेल आणि आतून टकटक ऐकू येत असेल, तर निदान राहू द्या, आधी बॅकअप घ्या. खराब झालेला भाग डिस्क पुन्हा पुन्हा वाचायचा प्रयत्न करते, आणि बाहेरून ते नुसतं ‘स्लो’ दिसतं. प्रबंधाचा डेटा त्याच डिस्कवर असेल तर एक दिवसही थांबू नका.

आता नेहमीचा उपाय: रिस्टार्ट. बरं वाटतं, पण कळत काहीच नाही. रॅम मोकळी होते, अडकलेले प्रोग्रॅम बंद होतात, अर्धवट राहिलेलं अपडेट पूर्ण होतं. एका बटणात तीन-चार उपचार झाले, मग गुण कशाचा? त्यात विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ आलं. ते चालू असेल तर शट डाउन केल्यावरही सिस्टिमचा गाभा डिस्कवर जपून ठेवला जातो आणि पुढच्या वेळी तोच उचलला जातो. रिस्टार्टमध्ये तसं होत नाही. म्हणजे ‘बंद करून चालू केला’ आणि ‘रिस्टार्ट केला’ हे दोन वेगळे प्रयोग आहेत, आणि वहीत ते वेगळेच लिहायला हवेत.

संशयित तसे मोजकेच असतात. उष्णता असेल तर जड काम सुरू केल्यावर थोड्या वेळाने वेग पडतो, उन्हाळ्यात जास्तच. टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसर भरपूर वापरात दिसतो, पण त्याचा गिगाहर्ट्झचा आकडा खाली आलेला असतो. रॅम अपुरी असेल तर मेमरी जवळजवळ भरलेली आणि डिस्क धावपळ करताना दिसते. अँटिव्हायरसचं स्कॅन किंवा अपडेट असेल तर यादीत त्याचं नाव वर येतं.

डिस्कच्या आकड्यापाशी मात्र जरा थांबू. ‘डिस्क १०० टक्के’ दिसतं आणि शेजारी वेग सेकंदाला जेमतेम अर्धा एमबी. हे कसं काय? मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या डिस्कला एका फेरीला सुमारे ८.३ मिलिसेकंद लागतात, शिवाय वाचणारं डोकं योग्य जागी सरकायला वेळ जातो तो वेगळा. विखुरलेले तुकडे वाचायचे तर सेकंदाला साधारण शंभरेक होतात. प्रत्येक तुकडा ४ केबीचा धरला तर झाले ४०० केबी. म्हणजे ती टक्केवारी किती डेटा वाचला हे सांगतच नाही, डिस्क किती वेळ गुंतलेली होती हे सांगते. आकडा वाचण्याआधी तो काय मोजतो ते बघा, असं मार्गदर्शक कंठशोष करून सांगतात, ते यासाठीच.

आणखी एक गंमत. विंडोजची देखभालीची कामं मूळ सेटिंगप्रमाणे पहाटे २ ला ठरलेली असतात. तेव्हा मशीन बंद असेल तर नंतर कधीतरी, तुम्ही चहाला उठलात की ती सुरू होतात, आणि तुम्ही परत येऊन माउस हलवला की मागे सरकतात. तुम्ही बघायला गेलात की चोर पसार! म्हणून परफॉर्मन्स मॉनिटरला दर १५ सेकंदांनी प्रोसेसर, मेमरी आणि डिस्क यांची नोंद फाइलमध्ये करायला सांगा. ते तुमच्या गैरहजेरीतही लिहीत राहतं.

मुख्य मुद्दा आता. बहुतेक जण फक्त मंद झाल्याच्याच वेळा लिहितात. समजा, १२ वेळा अडला आणि त्यातल्या ११ वेळा क्रोम उघडं होतं. सापडला गुन्हेगार? चांगल्या चाललेल्या ४० वेळा तपासल्या आणि त्यातल्या ३७ वेळाही क्रोम उघडंच होतं, तर? दोन्हीकडे साधारण ९२ टक्के. क्रोम निर्दोष, निदान या पुराव्यावर तरी. उलट स्कॅन १२ पैकी १० मंद वेळांत आणि ४० पैकी फक्त २ चांगल्या वेळांत चालू असेल, तर तिथे काहीतरी आहे. चांगल्या वेळा आठवेल तेव्हा लिहू नका. मोबाइलवर वाटेल त्या वेळांचे गजर लावा आणि वाजला की नोंद करा.

मग एकच बदल करा आणि वाट बघा. किती? बिघाड सरासरी ३ दिवसांतून एकदा, कसाही येत असेल, तर काहीच न करता ३ दिवस शांत जाण्याची शक्यता सुमारे ३७ टक्के असते. ‘तीन दिवस झाले, एकदम ओके’ याला म्हणूनच अर्थ नाही. ९ दिवस शांत गेले तर ती शक्यता ५ टक्क्यांवर येते. सरासरी अंतराच्या तिप्पट थांबा, हा ढोबळ हिशेब लक्षात ठेवायला सोपा. आपण हात घालतो तेही नेमके अगदी असह्य झाल्यावर, आणि अशा वाईट दिवसानंतर बरे दिवस तसेही येतातच.

नऊ दिवसांनंतर जमल्यास तो बदल उलटवा. स्कॅनची वेळ पुन्हा संध्याकाळची करा आणि बिघाड परततो का बघा. घरच्यांना मात्र आधी सांगून ठेवा, नाहीतर बरा झालेला कॉम्प्युटर तुम्ही मुद्दाम बिघडवताय असं वाटेल त्यांना.