मेलन यांची जहाजे आणि शिपायांचे दाखले

६ जानेवारी १९३२ रोजी टेक्ससचे प्रतिनिधी राइट पॅटमन अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहात उभे राहिले आणि त्यांनी वित्तमंत्री अँड्र्यू मेलन यांच्यावर महाभियोग मांडला. मेलन हे काही साधेसुधे मंत्री नव्हते. १९२१ पासून हार्डिंग, कूलिज आणि हूव्हर अशा तीन अध्यक्षांच्या काळात खजिन्याच्या चाव्या त्यांच्याकडेच होत्या. पिट्सबर्गची बँक, अ‍ॅल्युमिनियमची मक्तेदारी आणि गल्फ ऑइल ही अवाढव्य तेलकंपनी त्यांच्या घराण्याच्या ताब्यात होती. समोर उभे होते सभागृहात येऊन तीन वर्षेही न झालेले अडतीस वर्षांचे सभासद. आणि त्यांच्या हातातले मुख्य हत्यार १४२ वर्षांचे जुने होते.

ते हत्यार म्हणजे २ सप्टेंबर १७८९ चा वित्तखाते स्थापनेचा कायदा. अलेक्झांडर हॅमिल्टन पहिले वित्तमंत्री झाले त्याच्या नऊच दिवस आधीचा. त्यातले एक कलम आजही वाचणाऱ्याला थांबवते. जो कोणी व्यापारधंद्यात प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष गुंतलेला असेल, समुद्रावर चालणाऱ्या जहाजाचा पूर्ण किंवा अंशतः मालक असेल, सरकारी जमीन वा सरकारी रोखे खरेदी करत असेल, त्याला हे पद भूषवता येणार नाही. शिक्षा ३,००० डॉलर दंड, पदावरून हकालपट्टी आणि पुढे जन्मभर सरकारी पदाला बंदी. कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर शिडाची जहाजे आणि बंदरातली जकात होती. पण कर वसूल करणाऱ्याचे हितसंबंध कर भरणाऱ्यात अडकू नयेत, हे त्यांनी किती नेमके ओळखले होते!

हे कलम नुसते कागदावर पडून होते असेही नाही. १८६९ मध्ये अध्यक्ष ग्रँट यांनी न्यू यॉर्कचे मोठे व्यापारी अलेक्झांडर टी. स्ट्युअर्ट यांना वित्तमंत्री नेमले. सिनेटने मंजुरीही दिली, आणि मग कुणाच्या तरी लक्षात हा कायदा आला. ग्रँटनी अपवाद करण्याची विनंती केली. धंदा विश्वस्तांकडे सोपवून नफा दानधर्माला देण्याची तयारी स्ट्युअर्टनी दाखवली. सिनेट बधले नाही आणि स्ट्युअर्टना माघार घ्यावी लागली. पॅटमन यांचा प्रश्न इतकाच होता की कापडाच्या व्यापाऱ्याला जे चालले नाही ते तेलाच्या मालकाला कसे चालते? गल्फचे तेल वाहून नेणारी जहाजे समुद्रावर होती, गल्फचे समभाग मेलन यांच्याकडे होते, आणि कलमात ‘अंशतः’ हा शब्द होता.

पॅटमन यांची घडण बघितली की हा आवेश कुठून आला ते कळते. ईशान्य टेक्ससमधले कापूस पिकवणारे घर, रखवालदारी करून पुरे केलेले कायद्याचे शिक्षण, महायुद्धात सैन्यातली नोकरी. टेक्ससच्या विधानसभेत त्यांनी १९२१ साली कू क्लक्स क्लॅनविरुद्ध ठराव आणला होता, तोही क्लॅन जोरात असताना. १९२९ मध्ये वॉशिंग्टनला आल्यावर काही आठवड्यांतच, मे महिन्यात, त्यांनी माजी सैनिकांच्या भरपाईचे विधेयक मांडले. पुढची सात वर्षे ते त्याला चिकटून राहिले.

ही भरपाई समजून घ्यायला थोडे आकडे लागतात. युद्धात शिपायाला जे मिळाले ते कारखान्यातल्या मजुरीच्या मानाने तुटपुंजे होते. हा फरक भरून काढण्यासाठी १९२४ च्या कायद्याने देशातल्या सेवेला दिवसाला एक डॉलर आणि परदेशातल्या सेवेला सव्वा डॉलर ठरवला. त्यातून पहिले साठ दिवस वजा. वर्षभर फ्रान्समध्ये राहिलेल्या शिपायाचे ३०५ दिवस धरले की होतात ३८१ डॉलर २५ सेंट. पण ही रक्कम हातात द्यायची नव्हती. पन्नास डॉलरपर्यंतचे देणे लगेच मिळे. त्याहून जास्त असेल त्याला दाखला. मूळ रकमेत पंचवीस टक्के वाढ, त्यावर चार टक्के चक्रवाढ व्याज, आणि पैसे १९४५ मध्ये. म्हणजे वरच्या शिपायाला वीस वर्षांनी जवळपास हजार डॉलर. तो आधी मेला तर ते पैसे वारसांना मिळणार, म्हणून शिपाई या दाखल्याला थडग्यावरचा बोनस म्हणत. असे दाखले तीस लाखांहून अधिक निघाले. आणि हा कायदासुद्धा कूलिज यांचा नकाराधिकार मोडून काढूनच झाला होता. तिजोरीतला पैसा करकपातीसाठी हवा, तो भरपाईला दिला तर कपात होणार नाही, ही मेलन यांची भूमिका होती. त्यांना सर्वांत वरच्या थरातल्या श्रीमंतांवरचा अधिभार ५० टक्क्यांवरून २५ वर आणायचा होता.

इथे एका दुसऱ्या माणसाची गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण पॅटमन ज्या वाटेने गेले ती त्याने आठ वर्षे आधी पाडली होती. मिशिगनचे सिनेटर जेम्स कझन्स. कोळशाच्या वखारीतला हा कारकून १९०३ मध्ये हेन्री फोर्ड यांच्या नव्या कंपनीत अडीच हजार डॉलर घालून भागीदार झाला आणि १९१९ मध्ये आपले समभाग फोर्डनाच २ कोटी ९३ लाख डॉलरना विकून बाहेर पडला. सिनेटमधल्या सर्वांत श्रीमंतांपैकी एक, पक्ष मेलन यांचाच, आणि तरीही मेलन यांच्या करकपातीवर तुटून पडणारा. १९२४ च्या जानेवारीत दोघांत पत्रापत्री झाली. तुमची स्वतःची मालमत्ता करमुक्त रोख्यांत आहे, असा टोला मेलन यांनी मारला. कझन्स यांनी उत्तर म्हणून सिनेटकडून प्राप्तिकर खात्याची चौकशी मंजूर करून घेतली. चौकशीसाठी फ्रान्सिस हेनी या नामांकित वकिलाचे मानधन स्वतःच्या खिशातून देण्याची तयारी त्यांनी दाखवली, तेव्हा खुद्द अध्यक्ष कूलिज यांनी सिनेटला निषेधाचा खलिता धाडला. सिनेट चवताळले. चौकशी चालू राहिली, आणि मेलन यांच्या संमतीने त्यांच्याच कंपन्यांच्या फायली समितीसमोर उघडल्या गेल्या.

त्या फायलींत तेल होते. जमिनीखालचे तेल उपसले की साठा कमी होतो, म्हणून उत्पन्नातून काही रक्कम करमुक्त धरायची ही कल्पना मुळात वाजवी आहे. पण १९१८ च्या कायद्याने ती विहिरीवर झालेल्या खर्चापुरती न ठेवता तेल सापडल्यावर विहिरीची जी किंमत ठरेल तिच्यावर बांधली. जोखीम पत्करून रानोमाळ खणणाऱ्या छोट्या माणसासाठी केलेली सवलत मोठ्या कंपन्यांच्या पदरात पडली. किंमत ठरवणार कोण? प्राप्तिकर खात्यातले अभियंते, बंद दाराआड. खात्याचे कितीतरी निर्णय प्रसिद्धच होत नसत, त्यामुळे एकाला मिळालेली सूट दुसऱ्याला ठाऊक नसे. कझन्स समितीने नेमके यावर बोट ठेवले.

पुढे जे झाले ते चीड आणणारे आहे. समिती काम करत असतानाच, १९२५ च्या मार्चमध्ये, वसुलीची पाच वर्षांची मुदत संपायला आली तेव्हा प्राप्तिकर आयुक्त डेव्हिड ब्लेअर यांनी कझन्स यांच्याकडे फोर्ड समभागांच्या विक्रीवर आणखी सुमारे १ कोटी ८ लाख डॉलर कर मागितला. १९१३ साली त्या समभागाची किंमत किती होती यावर सारा खटला उभा होता, आणि ती किंमत खात्यानेच १९१९ मध्ये सुमारे साडेनऊ हजार डॉलर ठरवून दिली होती. आता तेच खाते ती अडीच हजारांच्या आसपास होती म्हणू लागले. कझन्स लढले. १९२८ मध्ये करविषयक अपील मंडळाने किंमत दहा हजार धरली. कर थकलेला तर नव्हताच, उलट कझन्स यांनीच नऊ लाखांहून जास्त डॉलर ज्यादा भरले होते. पुढच्याच वर्षी त्यांनी मिशिगनमधल्या मुलांसाठी एक कोटी डॉलरचा निधी काढला आणि मुद्दल-व्याजासकट तो पंचवीस वर्षांत खर्चून टाकण्याची अट घातली.

तेलसवलतीचे मात्र उलटेच झाले. किमती ठरवण्यात घोळ होतो ना, मग किंमत ठरवूच नका, असा तोडगा १९२६ मध्ये निघाला. ढोबळ उत्पन्नाच्या सरळ साडेसत्तावीस टक्के करमुक्त. हा आकडा कुठल्या भूगर्भशास्त्राने दिला नव्हता. एका सभागृहाला २५ हवे होते, दुसऱ्याला ३०, आणि मध्यावर तडजोड झाली. विहिरीवर घातलेला पैसा कधीच वसूल झाला तरी सवलत चालूच. अमेरिकेचे ऊर्जाधोरण पुढची चार दशके या साडेसत्तावीस टक्क्यांवर उभे होते असे म्हटले तर ते फारसे चुकीचे नाही.

पॅटमन या सगळ्याचे वारसदार. त्यांच्या मतदारसंघाच्या दक्षिणेला १९३० च्या ऑक्टोबरात पूर्व टेक्ससचे प्रचंड तेलक्षेत्र सापडले आणि वर्षाच्या आत पिंपाचा भाव कोसळून दहा सेंटवर आला. १९३१ च्या ऑगस्टमध्ये राज्यपालांनी विहिरी बंद करायला सैनिक पाठवले. त्याच काळात मोठ्या कंपन्या, त्यांत गल्फही, व्हेनेझुएलाचे तेल देशात आणत होत्या. महाभियोगाच्या आरोपांत पॅटमन यांनी आणखी एक प्रकरण घातले. कोलंबियातल्या कातातुंबो भागातला, १९०५ मध्ये जनरल बार्को यांना दिलेला आणि पुढे गल्फकडे गेलेला तेलाचा पट्टा. कोलंबिया सरकारने १९२६ मध्ये तो रद्द केला होता आणि १९३१ मध्ये नव्या अध्यक्षांच्या काळात तो परत मिळाला. वित्तमंत्र्यांच्या पदाचे वजन यात पडले, असा पॅटमन यांचा आरोप. तो सिद्ध झाला नाही, हेही सांगायला हवे. समभाग बाळगणे म्हणजे धंदा चालवणे नव्हे, हा मेलन यांच्या वकिलांचा बचाव होता. मेलन यांच्या बाजूने आणखीही बोलता येते. अल कपोन याला १९३१ मध्ये तुरुंगात धाडले ते याच खात्याने, करचुकवेगिरीच्या खटल्यात. आणि महाभियोगाच्या दुसऱ्याच दिवशी पिट्सबर्गहून बेकारांचा मोर्चा घेऊन फादर कॉक्स राजधानीत पोचले, तेव्हा त्यांच्या गाड्यांना गल्फच्या पंपांवर फुकट पेट्रोल मिळाले होते, मेलन यांच्याच सांगण्यावरून, असे म्हणतात.

पण १७८९ च्या कलमाचा निकाल लागायला हवा होता, आणि तो लागू दिला गेला नाही. न्यायसमितीची सुनावणी चालू असताना फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात हूव्हर यांनी मेलन यांना ब्रिटनमध्ये राजदूत नेमले. मंत्रिपद सुटले आणि समितीने प्रकरण मिटवले. ‘अंशतः’चा अर्थ काय, हा प्रश्न तसाच राहिला.

त्याच वर्षीच्या मेपासून भरपाईच्या मागणीसाठी माजी सैनिक राजधानीत जमू लागले. ओरेगॉनहून निघालेल्या वॉल्टर वॉटर्स यांच्या तुकडीमागोमाग हजारो आले, कित्येक बायकामुलांसह, आणि अनाकोस्टिया नदीकाठच्या चिखलात झोपड्या घालून राहिले. मागणी एकच, दाखल्याचे पैसे १९४५ ऐवजी आत्ता द्या. १४ जूनला टेनेसीचे प्रतिनिधी एडवर्ड एस्लिक पॅटमन यांच्या विधेयकाच्या बाजूने बोलत होते. बोलता बोलता ते सभागृहातच कोसळले आणि गेले. दुसऱ्या दिवशी प्रतिनिधीगृहाने विधेयक मंजूर केले. १७ जूनला सिनेटने ते ६२ विरुद्ध १८ मतांनी फेटाळले. २८ जुलैला विल्यम हुश्का आणि एरिक कार्लसन या दोन माजी सैनिकांना पोलिसांच्या प्राणघातक गोळ्या लागल्या आणि संध्याकाळी डग्लस मॅकआर्थर यांच्या फौजेने अश्रुधूर सोडून वस्ती उठवली, झोपड्या जळाल्या. स्वतःच्या शिपायांवर रणगाडे काढण्याची पाळी सरकारवर यावी, याहून लाजिरवाणे दृश्य त्या शहराने क्वचितच पाहिले असेल.

पॅटमन यांचे सगळेच अर्थशास्त्र पटणारे नाही. नव्या नोटा छापून पैसे द्या, म्हणजे मंदीही हटेल, हा त्यांचा हट्ट होता. हूव्हर यांच्यानंतरचे अध्यक्ष रूझवेल्ट यांनाही तो मान्य नव्हता. १९३५ च्या मे महिन्यात त्यांनी संयुक्त अधिवेशनात जातीने येऊन नकाराधिकार वाचून दाखवला. शेवटी १९३६ च्या जानेवारीत नोटांचा मुद्दा सोडून पन्नास-पन्नास डॉलरच्या रोख्यांवर तडजोड झाली आणि रूझवेल्ट यांचा नकाराधिकार मोडून कायदा झाला. १५ जूनपासून रोखे वाटले गेले. अलीकडच्या अभ्यासात दिसते की शिपायांनी यातला निम्म्याहून बराच जास्त पैसा लगेच खर्च केला आणि त्यात मोटारी पुष्कळ होत्या. पैसा खालच्या हातांत गेला की बाजार हलतो, एवढ्यापुरते तरी पॅटमन बरोबर ठरले.

मेलन यांच्यावर पुढे करचुकवेगिरीचा दावा झाला. ज्यूरीने आरोपच ठेवायला नकार दिला, मग अपील मंडळासमोर सुनावणी चालली, आणि १९३७ च्या डिसेंबरात, मेलन यांच्या निधनानंतर तीन महिन्यांनी, लबाडीचा ठपका पुसला गेला. थोडा कर मात्र निघाला.

पॅटमन सभागृहातच राहिले, एकूण सत्तेचाळीस वर्षे. साठच्या दशकात त्यांनी करमुक्त धर्मादाय प्रतिष्ठानांच्या हिशेबांचा पाठपुरावा केला. त्यातून १९६९ च्या करसुधारणा कायद्यात प्रतिष्ठानांच्या गुंतवणूक-उत्पन्नावर चार टक्के कर आला, आणि त्याच कायद्याने तेलाची सवलत साडेसत्तावीसवरून बावीस टक्क्यांवर आणली. १९७२ च्या ऑक्टोबरात वॉटरगेटच्या पैशांचा माग काढायला समन्सचे अधिकार मागितले, तेव्हा त्यांच्याच बँकिंग समितीने ते २० विरुद्ध १५ मतांनी नाकारले. १९७५ च्या जानेवारीत पक्षातल्या तरुण सभासदांनी त्यांचे अध्यक्षपदही काढून घेतले. मोठ्या तेलकंपन्यांची सवलत त्याच वर्षी मार्चमध्ये पूर्णपणे रद्द झाली.